मुंबईचे आंदण आणि पोर्तुगालची रिकामी गादी

पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण दिले, हे वाक्य आपल्याकडील प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असते. इतिहासाची बाकी सर्व सनावळी विसरली तरी एवढे एक वाक्य मनुष्य जन्मभर विसरत नाही; कारण राज्ये, तह आणि लढाया ह्यांच्या गर्दीत लग्न आणि आंदण हीच काय ती ओळखीची माणसे भेटतात. काही वर्षांपूर्वी वर्गात हा भाग शिकवीत असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, बेटच्या बेट आंदण द्यावे लागले, एवढे त्या मुलीत उणे काय होते?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि तास संपला. परंतु घरी जाताना माझ्या ध्यानात आले, की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आंदण फाजील मोठे असले म्हणजे मुलीकडची मंडळी कोठेतरी अडलेली आहेत, हे त्या मुलाने आपल्या घरच्या व्यवहारज्ञानावरून बरोबर ताडले होते. चुकले एवढेच, की उणीव मुलीत नव्हती. ती मुलीच्या घराण्याच्या गादीत होती.

ब्रागांझा घराणे पोर्तुगालच्या सिंहासनावर येऊन त्या वेळी अवघी एकवीस वर्षे झाली होती, आणि त्याचा हक्क स्पेनला मान्य नव्हता. त्या हक्काचा झगडा मात्र लग्नाच्या आधी ऐंशीहून अधिक वर्षे, मोरोक्कोतील एका रणांगणावर सुरू झाला होता. मुंबईचा हस्तांतर-लेख समजून घ्यावयाचा तर प्रथम त्या रणांगणापर्यंत मागे गेले पाहिजे.

वंशपरंपरेने राज्य चालविण्याच्या पद्धतीचे समर्थन करणारे एक गोष्ट नेहमी सांगतात. राजा चांगला निघेल की वाईट, ह्याची हमी ह्या पद्धतीत नाही, हे ते मान्य करतात. परंतु राजा कोण, ह्याविषयी तरी वाद राहत नाही, आणि प्रत्येक राजाच्या मरणाबरोबर यादवी माजण्यापेक्षा मधूनमधून एखादा मूर्ख राजा सोसणे स्वस्त पडते, असे त्यांचे म्हणणे असते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते बापामागून मुलगा येत आहे तोपर्यंतच. राजा निपुत्रिक वारला, म्हणजे ज्या प्रसंगासाठी कायदा हवा नेमक्या त्याच प्रसंगी कायदा चार तोंडांनी बोलू लागतो. आपल्याकडे अशा वेळी दत्तकाची वाट मोकळी असे. शाहू महाराजांनी ती स्वीकारली, आणि पुढे १८४८ साली कंपनीने ती नाकारली तेव्हा साताऱ्याचे राज्य बुडाले. यूरोपातील राजघराण्यांत मांडीवर मुलगा घेऊन गादीची सोय लावण्याची रीत नव्हती. तेथे रक्ताचाच नातलग शोधावा लागे. आणि नातलग दहा निघाले, तर निवाडा कोणी करावयाचा हा प्रश्न उरे.

पोर्तुगालला हा प्रश्न प्रथम पडला तो १३८३ साली. राजा फेर्नांदो वारला तेव्हा त्यास मुलगा नव्हता. एकुलती एक औरस कन्या बेआत्रिझ, आणि ती शेजारच्या कॅस्टिलच्या राजास दिलेली. नुसते रक्त पाहावे तर राज्य तिचे. पण ते तिचे झाले असते तर वस्तुतः तिच्या नवऱ्याचे झाले असते. तेव्हा राज्यातील कोर्तेस, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि नगरांचे प्रतिनिधी ह्यांची सभा, १३८५ च्या एप्रिलात कोइंब्रा येथे भरली. जुआंव दास रेग्रास नावाच्या कायदेपंडिताने सभेपुढे एकेका हक्कदाराचा हक्क खोडून काढला आणि गादी रिकामी आहे असे ठरविले. व गादी रिकामी असल्यास राजा निवडण्याचा अधिकार सभेकडे येतो, ह्या न्यायाने मृत राजाचा अनौरस सावत्र भाऊ जुआंव ह्यास राजा केले. त्याच वर्षी १४ ऑगस्ट रोजी अल्जुबारोटाच्या लढाईत कॅस्टिलचा पराभव झाला आणि सभेच्या निवाड्यावर तलवारीची मोहोर उठली. ह्या अनौरस राजापासून आविझ घराणे सुरू झाले. आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजे धाडणारे, आणि पुढे वास्को द गामास कालिकतास पाठविणारे, ते हेच घराणे.

ह्या घराण्याचा राजा जुआंव तिसरा ह्याच्या वृद्धापकाळी सारी आशा एका जीवावर येऊन ठेपली. युवराज १५५४ च्या जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी मरण पावला, आणि त्यानंतर अठरा दिवसांनी त्याची पत्नी प्रसूत होऊन मुलगा झाला. तोच सेबास्तियन. बाप नसताना जन्मलेल्या ह्या मुलाकडे सारे राष्ट्र डोळे लावून बसले होते, म्हणून त्यास 'ईप्सित' असे नावच पडले. तिसऱ्या वर्षी तो राजा झाला. हाती सत्ता आल्यावर मूर लोकांवर धर्मयुद्ध करावे ह्यापलीकडे त्यास दुसरे वेड नव्हते; लग्नाच्या वाटाघाटी झाल्या आणि विरल्या. मोरोक्कोच्या पदच्युत सुलतानास गादीवर बसविण्याचे निमित्त करून तो समुद्रापार गेला, आणि ४ ऑगस्ट १५७८ रोजी अल्काझार-किवीरच्या मैदानात पडला. ह्या लढाईस तीन राजांची लढाई म्हणतात. कारण सेबास्तियन, त्याचा मित्र तो पदच्युत सुलतान, आणि शत्रुपक्षाचा गादीवरील सुलतान हे तिघेही त्या दिवशी मेले. पोर्तुगालचे शेकडो सरदार ठार झाले किंवा कैद झाले, आणि कैद्यांच्या खंडणीत घराणीच्या घराणी धुऊन निघाली. राजा चोवीस वर्षांचा, अविवाहित होता.

आता आविझ घराण्यात सेबास्तियनचा चुलतआजा कार्डिनल हेन्रिक एवढाच औरस पुरुष उरला होता. तो सहासष्ट वर्षांचा, प्रकृतीने क्षीण, आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला धर्मगुरू. त्यास राजा केले, आणि राज्याला वारस मिळावा म्हणून ह्या वृद्ध कार्डिनलास लग्नाची परवानगी द्यावी अशी विनंती पोपकडे गेली. ही गोष्ट वाचताना हसू येते, पण त्या हसण्यात कीवच अधिक असते. एका सबंध राष्ट्राचे भवितव्य एका थकलेल्या म्हाताऱ्याच्या संततीवर टांगावे, ही पाळी ज्या पद्धतीने आणली तिच्यातील व्यंग ह्याहून उघडे दुसरे कोणते दाखवावे? पोपने परवानगी दिली नाही. स्पेनचा राजा फिलिप दुसरा ह्याचे वजन रोममध्ये होते, आणि कार्डिनलास मुलगा होऊ नये ह्यात सर्वांत मोठा स्वार्थ फिलिपचाच होता.

हक्क सांगणारे सगळे राजा मानुएल पहिला ह्याच्या वंशातले. त्यांची नाती आपल्या भाषेत मांडली, तर लॅटिन ग्रंथांत ज्यावर पानेच्या पाने खर्ची पडली तो वाद क्षणात डोळ्यांपुढे उभा राहतो. फिलिप हा कार्डिनलाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. सव्हॉयचा ड्यूक हा धाकट्या बहिणीचा मुलगा, तोही भाचाच. ब्रागांझाची डचेस कातारिना ही मृत भावाची मुलगी, म्हणजे पुतणी. तिची थोरली बहीण आधीच वारली होती, पण त्या बहिणीचा मुलगा पार्मा येथे होता. आणि अँतोनियो हा दुसऱ्या मृत भावाचा मुलगा, पुतण्या खरा, परंतु अनौरस. तेव्हा भाचा की पुतणी, एवढाच मुख्य प्रश्न होता. कातारिनाचे पंडित म्हणत, की ती आपल्या बापाच्या जागी उभी आहे; बाप जिवंत असता तर बहिणीच्या मुलास कोणी विचारले नसते, म्हणून आजही विचारू नये. फिलिपचे पंडित म्हणत, की मेलेल्याच्या जागी उभे राहण्याचा न्याय शेतवाडीस लागू असेल, मुकुटास नाही. भाचा आणि पुतणी कार्डिनलापासून सारख्याच अंतरावर आहेत, आणि सारख्या अंतरावरच्यांत पुरुष श्रेष्ठ, व पुरुषांत वडील श्रेष्ठ. ज्याने मिताक्षरेवरील वाद थोडेफार पाहिले आहेत, त्यास ह्या युक्तिवादात परके असे काहीच वाटणार नाही.

कोइंब्राच्या विद्यापीठातील पंडितांनी कौल दिला तो कातारिनेच्या बाजूने. कार्डिनलही प्रथम तिच्याकडे झुकला होता. पण फिलिपच्या सैन्याची भीती आणि दरबारातील कुजबूज ह्यांनी त्याचे मन हळूहळू फिरले. १५८० च्या जानेवारीत आल्मेइरी येथे कोर्तेस भरली तेव्हा नगरांच्या प्रतिनिधींनी फेबो मोनिझ ह्याच्या तोंडून स्पष्ट सांगितले, की राजा निवडण्याचा अधिकार राज्याचा आहे, आणि राजा पोर्तुगीजच हवा. दोनशे वर्षांपूर्वीची कोइंब्राची सभा ते विसरले नव्हते. परंतु कोइंब्राच्या सभेजवळ उभा करण्यास एक माणूस होता, ह्यांच्याजवळ नव्हता. कातारिनेच्या पक्षाने हत्यार उचलले नाही, आणि अनौरस अँतोनियोमागे शहरांतील सामान्य लोक होते, पण थोर सरदार नव्हते. ३१ जानेवारी रोजी, आपल्या अडुसष्टाव्या वाढदिवशी, कार्डिनल निर्णय न देताच वारला आणि राज्य पाच कारभाऱ्यांच्या हाती ठेवून गेला.

पुढचा निवाडा वकिलांनी केला नाही. फिलिपचा प्रतिनिधी क्रिस्तोव्हांव द मौरा हा जन्माने पोर्तुगीज. तो गेली दोन वर्षे खंडणीखाली पिचलेल्या सरदारांस द्रव्य, पदव्या आणि वचने वाटीत होता. जे राहिले त्यांच्यासाठी आल्व्हाचा वृद्ध ड्यूक सैन्य घेऊन आला, आणि २५ ऑगस्ट १५८० रोजी लिस्बनच्या वेशीवर आल्कांतारा येथे अँतोनियोची जमवाजमव एका सकाळीत मोडून पडली. पुढच्या एप्रिलात तोमार येथे कोर्तेस भरून फिलिपला राजा म्हणून मान्यता मिळाली. पोर्तुगालचे कायदे, नाणे आणि भाषा वेगळी राहील. पोर्तुगालच्या आणि समुद्रापारच्या जागा पोर्तुगीजांसच मिळतील, अशी वचने त्याने दिली. हे राज्य मला वारशाने मिळाले, मी ते विकत घेतले आणि मी ते जिंकले, असे एक वाक्य फिलिपच्या तोंडी घालतात. ते त्याने उच्चारले असो वा नसो, ज्याने ते रचले त्यास परिस्थितीचे मर्म कळले होते. वारसा खरोखर निर्विवाद असता तर उरलेल्या दोन उपायांची गरज का पडावी?

ह्या घडामोडीची किंमत कोणी भरली, हे पाहण्यास लिस्बन सोडून पूर्वेकडे यावे लागते. गोव्यात लढाई न होता फिलिपच्या नावाची द्वाही फिरली. व्हाइसरॉय पोर्तुगीजच राहिला, देवळे आणि जकाती होत्या तशाच राहिल्या. फरक पडला तो शत्रूंत. फिलिपचे शत्रू आता पोर्तुगालचेही शत्रू झाले. १५८८ साली इंग्लंडवर गेलेले प्रचंड आरमार लिस्बनच्या बंदरातूनच निघाले होते. स्पेनविरुद्ध बंड करून उठलेल्या डच लोकांस पूर्वी लिस्बनच्या बाजारात मिरी आणि मसाले मिळत. तो बाजार त्यांस बंद होऊ लागला, तसे ते माल जेथून येतो तेथेच जाण्याचा विचार करू लागले. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षे कारकुनी केलेला लिन्शोटेन हा डचच होता. त्याने पोर्तुगीजांच्या सागरी वाटांची माहिती स्वदेशी नेऊन १५९६ साली छापून प्रसिद्ध केली. त्यानंतर ऑर्मुझ १६२२ साली, मलाका १६४१ साली, कोलंबो १६५६ साली आणि कोचीन १६६३ साली पोर्तुगीजांच्या हातून गेले. हे सर्व केवळ फिलिपच्या राज्यारोहणामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लहान देश आणि अफाट समुद्र ह्यांचा मेळ कधीतरी सुटणारच होता. पण परक्या राजाची भांडणे आपल्या दारी आली, ही तक्रार पोर्तुगीजांच्या मनात घर करून बसली, आणि ती खोटी नव्हती.

मनात घर करून बसलेली दुसरी गोष्ट ह्याहून विलक्षण होती. सेबास्तियन मेलाच नाही, तो कोठेतरी गुप्त आहे आणि एखाद्या धुक्याच्या सकाळी परत येऊन राज्य सोडवील, अशी श्रद्धा लोकांत पसरली. फिलिपने मृतदेह म्हणून जे आणविले ते १५८२ साली बेलेंच्या मठात पुरले. पण ते शव राजाचेच कशावरून, असे लोक विचारीत राहिले. तोतये निघू लागले. १५८४ आणि १५८५ साली एकेक, मग माद्रिगाल गावचा एक मिठाईवाला, आणि शेवटी पोर्तुगीज भाषासुद्धा न येणारा एक इटालियन. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याकडेही निघाला, आणि पेशवाई काही काळ हादरली, हे वाचकांस ठाऊक आहेच. दोन्ही ठिकाणी मूळ एकच आहे. ज्या पराभवात घरटी माणूस गेलेला असतो, तो पराभव लोकांचे मन एकदम स्वीकारीत नाही. आणि मेलेल्याची ओळख पटली नाही असे म्हणण्यास थोडीशीही जागा असली, म्हणजे आशा त्या जागेतून आत शिरते. पोर्तुगालमध्ये ह्या आशेस राजकीय अर्थही होता. सेबास्तियन जिवंत असेल, तर फिलिप हा नुसता पहारेकरी ठरत होता.

श्रद्धेने जे साधत नव्हते त्यासाठी कागदही निर्माण झाला. राज्याचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिक ह्याने लामेगो गावी कोर्तेस भरवून वारसाचे नियम घालून दिले होते, असे सांगणारा एक लेख १६३२ साली पोर्तुगालच्या एका मोठ्या इतिहासग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य नियम असा, की राजकन्येस गादी मिळू शकते, परंतु तिने परदेशी राजपुत्राशी लग्न केल्यास तिचा हक्क जातो. हा नियम खरा मानला तर फिलिपच्या आईचा हक्क लग्नाच्या दिवशीच गेला होता, आणि फिलिप, त्याचा मुलगा व नातू हे तिघेही गादी बळकावून बसलेले ठरतात! लेख बनावट होता; अशी सभा लामेगोला भरलीच नव्हती, हे पुढे इतिहाससंशोधकांनी सिद्ध केले. परंतु त्या वेळी कोणास संशय घेण्याची इच्छा नव्हती. राष्ट्राला जो कायदा हवा होता तो राष्ट्राने आपल्या आद्य राजाच्या नावावर मांडला, आणि त्यावर इतक्या मनोभावे विश्वास ठेवला, की पुढील दोनशे वर्षे तो खराच कायदा म्हणून चालला.

१६४० साली संधी आली. स्पेनच्या करांनी आणि सैन्यभरतीने पोर्तुगाल त्रासला होता. त्यातच कातालोनिया प्रांताने बंड केले आणि स्पेनचे सैन्य तिकडे गुंतले. १ डिसेंबरच्या सकाळी सुमारे चाळीस सरदार लिस्बनच्या राजवाड्यात शिरले, स्पेनचा हस्तक मिगेल द व्हास्कोन्सेलोस ह्यास ठार करून त्याचे प्रेत त्यांनी खिडकीबाहेर फेकले, आणि ब्रागांझाच्या ड्यूकच्या नावाने जयघोष केला. हा ड्यूक जुआंव म्हणजे त्या कातारिना डचेसचा नातू. भाचा की पुतणी ह्या वादाचा निकाल साठ वर्षांनी पुतणीच्या बाजूने लागला, पण लावला तो लोकांनी. पुढच्या महिन्यात भरलेल्या कोर्तेसने राजाच्या हक्काची कारणे देताना कातारिनेचा वारसा सांगितला, आणि त्याच्याच जोडीला असेही सांगितले, की गादीबद्दल संशय उत्पन्न झाल्यास निवाडा करण्याचा अधिकार राज्याचा आहे. आल्मेइरीच्या सभेत जे बोलणे हवेत विरले होते ते आता लेखी झाले. १६४६ साली जुआंवने राज्याचा मुकुट कुमारी मेरीच्या चरणी अर्पण केला, आणि तेव्हापासून पोर्तुगालच्या राजांनी तो मस्तकी धारण केला नाही. मुकुट इतक्या कष्टाने मिळवून तो डोक्यावर न ठेवणारे हे राजे मला नेहमीच विचार करावयास लावतात.

परंतु आपल्या घरच्यांनी राजा म्हटले तरी शेजाऱ्याने म्हटले पाहिजे. स्पेन अठ्ठावीस वर्षे लढत राहिले, आणि त्याच्या दडपणामुळे रोमनेही नव्या राजास मान्यता दिली नाही. फ्रान्सचा आधार होता तो १६५९ साली तुटला. कारण त्या वर्षी फ्रान्सने स्पेनशी तह केला, आणि पोर्तुगालला मदत न देण्याचे वचन दिले. जुआंव १६५६ साली वारला होता. गादीवर आफोन्सो हा रोगाने अधू झालेला पोरवयाचा राजा, आणि कारभार त्याची आई लुईझा हिच्या हाती. १६६० साली इंग्लंडात दुसरा चार्ल्स गादीवर परत आला, आणि त्यास राणी व पैसा दोहोंचीही गरज होती. लुईझाने आपली मुलगी कॅथरीन, जिच्या पणजीचेही नाव कातारिनाच, पुढे केली. १६६१ च्या जूनमध्ये तह झाला. वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतील टँजिअर, आणि मुंबईचे बंदर व बेट. ह्याच्या मोबदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणास सैन्य द्यावे, आणि एका गुप्त कलमान्वये पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांचे डचांपासून रक्षण करावे. आपण ज्यास आंदण म्हणतो ते असे होते. पोर्तुगालने एक बेट देऊन आपल्या राजाच्या राजेपणास एक साक्षीदार विकत घेतला.

हे बेट हाती येणे मात्र सोपे गेले नाही. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो ह्याने आज्ञेत नाना अडचणी काढल्या. मुंबईत इंग्रज बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेले असे समजा, अशा अर्थाचे त्याने आपल्या राजास कळविले. बेट ताब्यात घेण्यास आलेला अब्राहम शिपमन हा आपल्या लोकांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला, आणि तेथेच तो व त्याच्याबरोबरचे बहुतेक शिपाई रोगाने मेले. उरलेल्या मूठभर लोकांस घेऊन त्याचा चिटणीस हंफ्री कुक ह्याने १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा घेतला. ह्या सर्व लिहापढीत एक पक्ष कोठेही दिसत नाही, तो मुंबईत राहणाऱ्यांचा. तेथील कोळी, भंडारी आणि कुणबी ह्यांस आपला राजा बदलल्याचे कळले ते बंदरावरील निशाण बदलल्यावर. लिस्बनच्या कोर्तेसने राजा निवडण्याचा हक्क मोठ्या अभिमानाने आपल्याकडे घेतला; पण तो हक्क समुद्र ओलांडून आला नाही.

१६६८ साल ह्या कथेत दोनदा येते. त्या वर्षी स्पेनने अखेर पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले. इंग्रज शिपायांनी आमेइशियाल आणि मोंतेस क्लारोस येथील लढायांत आपला मोबदला चुकता केला होता. आणि त्याच वर्षी चार्ल्सने, खर्च परवडेना म्हणून, मुंबई ईस्ट इंडिया कंपनीस सालीना दहा पौंड खंडावर देऊन टाकली. ज्या वस्तूने एका राज्याला मान्यता मिळाली ती दुसऱ्या राज्याला जड झाली होती. ह्याहूनही मोठा दैवदुर्विलास कॅथरीनच्या वाट्यास आला. आपल्या घराण्याचा वारसा पक्का करण्यासाठी जिला परदेशी पाठविले, तिला मूल झाले नाही. त्यामुळे इंग्लंडची गादी चार्ल्सच्या कॅथोलिक भावाकडे गेली, त्यातून १६८८ ची राज्यक्रांती झाली, आणि पुढे १७०१ च्या कायद्याने तेथील पार्लमेंटने गादीचा क्रम स्वतः ठरवून दिला. लिस्बनमध्ये तिच्या भावाचीही गत बरी झाली नाही. आफोन्सोला १६६७ साली त्याच्या धाकट्या भावाने, पेद्रोने, बाजूस सारले, बेटावर पाठविले आणि त्याच्या पत्नीशी लग्न केले. कोर्तेसने ह्याही व्यवस्थेस संमती दिली.

ही संमती देणारी सभा राजांस हळूहळू नकोशी झाली. १६९८ नंतर सव्वाशे वर्षे ती भरलीच नाही. सभा निजली, पण तिच्या नावावरचा बनावट कायदा जागा होता. १७६० साली युवराज्ञी मारियेचे लग्न तिच्या सख्ख्या चुलत्याशीच लावले, ते नवरा परदेशी नसावा म्हणून. १८२६ साली जुआंव सहावा वारला, तेव्हा थोरला मुलगा पेद्रो हा ब्राझीलचा बादशहा होऊन बसलेला होता. त्याने आपला हक्क सात वर्षांची मुलगी मारिया हिला देऊन राज्यास सनद दिली. पण धाकटा भाऊ मिगेल ह्याने १८२८ साली जुन्या धर्तीची सभा भरवून, पेद्रो परदेशी झाला म्हणून त्याचा वंश बाद, असे ठरवून घेतले. लामेगोचा कागद पुन्हा पुराव्यात आला. १८३४ पर्यंत भाऊ भावाशी लढला, आणि मारियेचा पक्ष जिंकला. त्या जयाचा एक धक्का गोव्यासही लागला. नव्या सरकारने बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा ह्या गोमंतकीयास गोव्याचा मुख्य अधिकारी नेमले. १८३५ च्या जानेवारीत तो अधिकारावर आला, आणि थोड्याच दिवसांत तेथील गोऱ्या लष्करी मंडळींनी बंड करून त्यास हाकून लावले. त्यास आसरा मिळाला तो मुंबईत.

१९०८ साली राजा कार्लोस आणि युवराज ह्यांचा लिस्बनच्या चौकात खून झाला. १९१० साली राज्यच संपले. शेवटचा राजा मानुएल १९३२ साली इंग्लंडात निपुत्रिक वारला, आणि त्याचा नावापुरता हक्क मिगेलच्या नातवाकडे गेला. ह्या नातवाने १९४२ साली ब्राझीलमध्ये पेद्रोच्या वंशातील राजकन्येशी लग्न केले. ज्या दोन भावांच्या भांडणात देश होरपळला, त्यांची रक्ते पुन्हा एक झाली. पण तोपर्यंत भांडण्यास गादी उरली नव्हती.

राजा कोणाच्या पोटचा, हे वंशावळी सांगते. तो राजा का, हे ती सांगू शकत नाही. १३८५ साली, १५८० साली, १६४० साली हा प्रश्न आला, आणि प्रत्येक वेळी पंडितांनी वंशावळी उलगडून उत्तर शोधले. पण टिकले ते उत्तर लोकांनी आपले म्हटलेले. फिलिपचा हक्क कागदावर काही अगदीच लटका नव्हता. त्याच्यामागे पैसा होता, सैन्य होते, तोमारच्या सभेची मान्यताही होती. तरी त्याच्या नातवाची सत्ता एका सकाळीत उडाली, कारण साठ वर्षांत त्या राजांस पोर्तुगालने आपले मानले नव्हते. ब्रागांझांच्या मुळाशी एक बनावट लेख होता, आणि तरी ते पावणेतीनशे वर्षे टिकले. ह्यावरून बनावट लेख चांगले असे कोणी समजू नये. लोकसंमती हाच आमचा आधार, हे उघड म्हणण्याचे धैर्य ज्या राज्यास नसते, त्यास असले लेख करावे लागतात. आणि केलेला लेख पुढे भलत्याच माणसाच्या हाती पडतो, हे मिगेलने दाखविले.

तो विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी वर्गात द्यावयास हवे होते, ते इतक्या उशिरा येथे देतो आहे. मुलीत काही उणे नव्हते. तिच्या माहेरची गादी शेजाऱ्यांना मान्य नव्हती. ती मान्यता विकत घेण्यासाठी जे द्रव्य लागले, त्यात आपले एक बेट, त्यावरील माणसांसकट, मोजून दिले गेले.